शेवटची ओळ दाराबाहेरून

इरा, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू आईच्या जुन्या रेकॉर्डिंगमधलं जे गाणं ऐकवलंस ते मला सुरुवातीच्या सुरांतच ओळखू आलं. तू विचारलंस, "आजी, मम्मा कॅन सिंग! अँड हू इज द मॅन?" तुझ्यामागे तुझी आई धुतलेली पातेली पुसत उभी होती. ती "आस्क आजी" एवढंच म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली. साध्या प्रश्नावर माणूस बाजूला का होतो, याचा मी आयुष्यभर अभ्यास केला आहे. म्हणून तुमच्यासाठी लिहीत असलेल्या या आठवणींमध्ये माझ्या शाळेचं प्रकरण पुढे ढकलून आधी हे लिहिते. हे तुमच्या आईच्या अठराव्या वर्षाचं आहे. तू आणि ओम दोघांनी वाचा. मराठी अडलं तर आईला विचारा, म्हणजे तिलाही वाचावं लागेल.

पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकते, उगाच तर्क नकोत. गाणारा तो मुलगा तुमचा बाबा नव्हे. तुमचा बाबा तेव्हा नागपुरात इंजिनियरिंग शिकत होता आणि त्याचा गाण्याशी संबंध राष्ट्रगीतापुरताच होता, अजूनही तेवढाच आहे. गाणारा मुलगा म्हणजे इरफान. त्याचं घर मूळचं रत्नागिरीकडचं, वडिलांचं दुबईच्या देरा भागात छोटंसं ट्रेडिंग ऑफिस, बोटींना लागणारे दोर आणि सुटे भाग विकायचं. आणि ते गाणं एका फार गाजलेल्या इटालियन ऑपेरातलं प्रेमगीत आहे, दोघांनी मिळून म्हणायचं.

आम्ही शारजात राहायचो, अल मजाजला, खालिद लगूनसमोरच्या एका टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. मी तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आजोबा दुबईत एका बांधकाम कंपनीत होते. घर म्हणजे एसीची घरघर, लगूनकाठच्या मशिदीतली अजान, माझ्या कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या मल्याळी घरातून येणारा खोबरेल तेलाचा वास. मी डब्यांवर लेबलं लावत असे, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यावरून तुमची आई अजून माझी चेष्टा करते. पण त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये लेबल लावलेलं कुठलंच माणूस आतून तेच निघेल याची खात्री राहिली नव्हती. मंदी आली होती. क्रेन थांबल्या होत्या. पार्किंगमध्ये काही गाड्यांवर इतकी धूळ साचली होती की मुलं त्यावर बोटानं चित्रं काढायची, आणि मालक कुठे गेला हे कोणी विचारत नसे. सकाळी कचऱ्याच्या ढिगापाशी एखादा चांगला सोफा दिसला की समजायचं, अजून एक घर गेलं. ग्रोसरीत भेटलेली बाई "तुमच्या ह्यांचं ठीक आहे ना?" असं विचारायची आणि उत्तर ऐकताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. आपण "हो, इन्शाल्ला" म्हणायचं आणि तिच्याकडे तसंच बघायचं. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की एका महिन्यात देश सोडायचा. म्हणून नोकरी गेल्याचं नवरे बायकांनासुद्धा लवकर सांगत नसत.

आमच्याकडे तसं काही नव्हतं. आजोबा सकाळी टाय लावून, डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी सातला यायचे. एक बदल मात्र माझ्या लक्षात आला होता. इतकी वर्षं ते दारात बूट काढतानाच दुबई-शारजा रस्त्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायचे, आणि त्या वसंतात त्या शिव्या बंद झाल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, गाड्याच कमी झाल्यात. निम्मी दुबई गेली." हे खरं होतं, वर्तमानपत्रातही तसंच येत होतं. मी समाधान मानलं. माझं सगळं लक्ष दुसरीकडे होतं.

तुमची आई पाश्चात्त्य गाणं शिकत होती. शाळेच्या कॉयरमध्ये तिचा आवाज ऐकून मिस अनाहित नावाच्या बाईंनी तिला मागून घेतलं होतं. त्या लेबनॉनमधून आलेल्या आर्मेनियन, बुटक्या, बोलायला फटकळ, आणि पियानोवर बोटं पडली की वेगळ्याच. आजोबा नाट्यसंगीतावर वाढलेले, त्यांना हे गाणं म्हणजे सुरुवातीला किंकाळी वाटायची, पण महिन्याभरात तेच म्हणायला लागले, "दम आहे पोरीत. श्वास बघ किती पुरवते." जूनमध्ये दुबईत मिसच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता आणि त्यात तुमच्या आईला आणि इरफानला ते द्वंद्वगीत दिलं होतं. ती कॉलेजला जाण्याआधीचं हे शेवटचं आणि सगळ्यांत मोठं गाणं. सकाळी दात घासतानाही तिचं तेच चालायचं.

मी आधी शब्दांचा अर्थ मागितला. इंग्रजी भाषांतर छापून घेतलं आणि लाल पेन्सिल घेऊन वाचलं. गोष्ट अशी की हिवाळ्याच्या दिवसांत एका गरीब तरुणाच्या खोलीवर शेजारची मुलगी येते. दोघांची ओळख होऊन थोडाच वेळ झालेला असतो. आणि गाणं संपेपर्यंत दोघं एकमेकांच्या प्रेमात पडून हातात हात घालून बाहेर निघून जातात. मधे तो तिला एक प्रश्न विचारतो आणि ती त्याचं उत्तर हसून टाळते. मला टाळलेली उत्तरं आवडत नाहीत. मी म्हटलं, "मुक्ता, ही मुलगी ह्याला किती वेळ ओळखते?" तुमची आई म्हणाली, "आई, इट्स ऑपेरा. एव्हरीबडी इज फास्ट." मी म्हटलं, "मग आपण सावकाश घेऊ. रिहर्सल आपल्या घरी होईल."

मिसचा क्लास ज्या इन्स्टिट्यूटमध्ये चालायचा ती त्याच सुमारास बंद पडली होती, त्यामुळे त्यांना माझी सूचना उपकारासारखी वाटली. आमच्याकडे कीबोर्ड होता, हॉल मोठा होता, आणि मी दुपारी शाळेतून घरी आलेली असायचे. पहिल्या दिवशी चार वाजता बेल वाजली. दार उघडलं तर उंच, सडपातळ इरफान, आणि त्याच्यामागे डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात स्टीलचा डबा घेतलेली एक बाई.

"मी याची अम्मी. जुबेदा," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोराला एकट्याला कशाला पाठवायचं. टॅक्सीवाले कसे असतात, तुमाला म्हायतीच हाय."

टॅक्सीचं काही खरं नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना ओळखलं. मी माझ्या मुलीवर पहारा द्यायला बसणार होते, त्या त्यांच्या मुलावर. डब्यात सांदणं होती, फणसाची, मऊसूत. मी पोहे केले होते. आम्ही एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसलो, मधे दोन्ही डिश.

"छान गातो हो तुमचा मुलगा," मी म्हणाले.

"घरात दोन शब्द बोलत नाय वहिनी, आनि हितं बगा कसा डोळ्यात डोळे घालून गातोय," जुबेदाभाभी म्हणाल्या. "तुमची पोरगी फार हुशार दिसते."

हुशार हा शब्द त्यांनी ज्या तऱ्हेनं म्हटला त्यात स्तुती कमी होती.

अडचण आली ती गाण्याच्या शेवटी. मिस कीबोर्डवरून हात उचलून म्हणाल्या, "नाऊ गो. आउट, आउट, यल्ला!" आणि दोघं हातात हात घालून दाराबाहेर निघून गेली. मी उठले. मिसनी मला हातानं थांबवलं. त्यांनी समजावून सांगितलं की रंगमंचावर ती जोडी शेवटी विंगेत निघून जाते आणि शेवटची ओळ आतूनच म्हणते. आवाज लांबून आला पाहिजे, लोकांना दोघं दिसता कामा नयेत. मी म्हटलं, शेवटची ओळ हॉलमध्येच म्हटली तर काय बिघडेल? मिसनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुराणात किंवा बायबलमध्ये दुरुस्ती सुचवली होती. "मॅडम, इट इज रिटन."

पहिल्या दिवशी ती दोघं लिफ्टपाशी उभी राहून गायली. मिसना आवाज जवळचा वाटला. मग त्यांनीच शोध लावला की पॅसेजच्या टोकाचं जाड दार ढकलून जिन्यात जायचं. तिथे आवाज घुमतो आणि खूप लांबून आल्यासारखा ऐकू येतो. तेव्हापासून दर रिहर्सलला ती दोघं माझ्या डोळ्यांदेखत दाराबाहेर जायची, ते जाड दार धाडकन लागायचं, आणि मग दोन आवाज वर चढत जायचे. तुमच्या आईचा तो शेवटचा सूर ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि त्याच वेळी मी विचार करत असायचे, की आता सूर संपला, आता दार वाजायला हवं.

दार वाजायचं नाही. सुरुवातीला ती दोघं लगेच परत यायची. पुढे उशीर व्हायला लागला. मिस कीबोर्डवर दुसरं काहीतरी वाजवत बसायच्या, त्यांना त्याची फिकीर नव्हती. मी आणि जुबेदाभाभी सोफ्यावर. उठून बघावं तर बाजूला बसलेल्या बाईच्या मुलावर आपला विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. त्यांचंही तेच. आम्ही दोघी सांदणाचा तुकडा मोडायचो आणि दाराकडे न बघण्याचा प्रयत्न करायचो.

"जिन्यात गार असल," त्या एकदा म्हणाल्या.

"हो. पण धूळ आहे," मी म्हणाले.

मुलं परत आली की मी चेहरे बघायचे. अशा वेळी तरुण चेहऱ्यांवर काय असतं हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण ह्यांच्या चेहऱ्यावर ते नव्हतं, आणि त्यामुळे मला अधिकच संशय आला. तुमची आई गंभीर असायची. एकदा डोळे ओले होते. मी विचारलं तर म्हणाली, "हाय नोट, आई. इट हर्ट्स." मग मला दिसलं की आमचा छोटा थर्मास रिहर्सलच्या दिवशी जागेवर नसतो. एकदा पोळीभाजीचा रोल तिनं टिश्यूत गुंडाळून ओढणीखाली नेला. मी मनाशी म्हटलं, हा मुलगा आईनं आणलेलं एवढं खातो आणि तरी बाहेर वेगळं जेवतो? घरात कोणी निघायच्या तयारीत असेल तर त्याच्या हालचाली कशा असतात, हे आम्ही सगळे त्या वर्षी बिल्डिंगमध्ये बघत होतो. मला वाटायला लागलं की माझी मुलगी निघायच्या तयारीत आहे. मी तिचं कपाट बघितलं. पासपोर्ट जागेवर होता. तरी मी तो काढून माझ्या साड्यांखाली ठेवला.

मला आजही वाटत नाही की मी जास्त केलं. तुम्हाला मुलं होतील तेव्हा आपण बोलू.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी दोघं बाहेर गेली, सूर लागला, संपला, आणि नंतर काहीच नाही. मिसना फोन आला म्हणून त्या बाल्कनीत गेल्या. जुबेदाभाभींनी डिश खाली ठेवली.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या किचनला मागचं दार हाय ना?"

होतं. कचरा टाकायच्या बाजूला उघडणारं, आणि तिथून त्याच जिन्यात जाता येत होतं. आम्ही दोघींनी चपला काढून ठेवल्या. माझं वय बावन्न होतं, मी शाळेत सुपरवायझर होते, आणि मी माझ्याच घराच्या मागच्या दारानं, एका बाईचा हात धरून, चवड्यांवर चालत निघाले होते. दार किंचित ढकललं.

अर्ध्या मजल्याच्या पायरीवर आजोबा बसले होते. टाय लावलेला, बॅग पायाशी. मांडीवर सकाळी मी दिलेला डबा उघडा होता आणि ते जेवत होते, दुपारी चार वाजून गेल्यावर. थर्मासचं झाकण इरफानच्या हातात होतं, चहानं भरलेलं. तो त्यांच्या शेजारी पायरीवर बसला होता आणि तुमची आई भिंतीला टेकून उभी होती. आजोबांनी वर पाहिलं, घास हातात तसाच राहिला.

किती गोष्टी एकदम समजतात! रस्ते मोकळे झाल्याच्या गप्पा, बंद झालेल्या शिव्या, त्यांच्या बुटांवर हल्ली रोज दिसणारी लगूनकाठची वाळू. सकाळी निघून हा माणूस दिवसभर काठावर फिरत होता, आणि ऊन वाढलं, ओळखीची माणसं दिसायला लागली की जिन्यात येऊन सात वाजायची वाट बघत होता. मला धक्का बसला, पण त्याहून मोठा राग आला. ज्या दोघांवर मी पहारा ठेवला होता त्यांना हे माहीत होतं, आणि मला नव्हतं. आणि आता ते एका परक्या बाईसमोर उघडं पडलं होतं, जी उद्या देरात चार घरी चहा पिणार होती. आजोबांचे कान लाल झाले होते. त्यांनी घसा साफ केला.

"इथे... आवाज चांगला घुमतो," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, इथेच बसून ऐकावं."

माझ्या मागून जुबेदाभाभी पुढे आल्या, ओढणी सारखी केली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अवो भाऊ, खरंच सांगताव. आमाला सोफ्यावर कायसुद्धा ऐकू येत नाय. म्हणून तर आमी दोघी पन आलो." आणि त्या फतकल मारून खालच्या पायरीवर बसल्या. "बसा की वहिनी. इरफान, काय बगतोस? गावा की परत. तुमचे अंकल हापिसातून लवकर सुटून आलेत ऐकायला."

मी बसले. दुसरं काय करणार? फरशी गार होती. आणि त्या जिन्यात, कीबोर्डशिवाय, त्या दोघांनी शेवटची ओळ आमच्यासमोर म्हटली. गाताना ती दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. तुमची आई आजोबांकडे बघत होती. नंतर तिनं मला सांगितलं, की पहिल्यांदा ते दार ढकलून ती आत शिरली तेव्हा आजोबा तिथे बसलेले दिसले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पण मिस घरात वाट बघत होत्या, आवाज थांबला तर सगळे धावत येतील, म्हणून ती तशीच गात राहिली. तो सूर तिनं त्यांच्याकडे बघत लावला होता. पुढच्या प्रत्येक वेळी तसाच.

त्या संध्याकाळी आजोबा सातची वाट न बघता घरी आले. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते आमच्या दोघांचं आहे. तुमच्या आईला मात्र मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "ही आस्क्ड मी नॉट टू. आणि आई, तू त्यांना विचारलं असतंस ना, ज्या पद्धतीनं तू विचारतेस." हे दुसरं तिनं मराठीत सांगितलं म्हणजे ते मनापासून होतं. त्यावर मी पासपोर्ट साड्यांखालून काढून तिच्या कपाटात परत ठेवला. तिला कळू न देता, अर्थात.

पुढचं सगळं भराभर झालं. कंपनीनं व्हिसा रद्द करायचे कागद उशिरा, मेमध्ये केले, तिथून पुढे एक महिना. आजोबांच्या एका जुन्या मित्राच्या ऑफिसात पुण्याला जागा निघाली, पण हजर लगेच व्हायचं होतं, आणि भाड्याच्या फ्लॅटची मुदतही संपत होती. कार्यक्रम जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे त्या महिन्यात जेमतेम बसत होता. पण आम्ही तेव्हा तिथे नसणार होतो. तुमच्या आईनं गाण्याचे कागद फाइलमध्ये घातले, फाइल सुटकेसच्या तळाशी ठेवली आणि वर टॉवेल ठेवला. मिस अनाहितना मी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "खलास?" मी म्हटलं, "खलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. जुबेदाभाभी, एकट्या.

"पोरीला माज्याकडं ठेवा," त्यांनी आत यायच्या आधीच सांगितलं. "प्रोग्राम झाला की मी सोता विमानात बसवते."

"तुमच्याकडे इरफान आहे, भाभी," मी म्हणाले. इतके दिवस जे दोघींच्या मधे सोफ्यावर बसलेलं होतं ते शेवटी मी बोलून टाकलं.

"हाय ना. म्हणून तर मी रात्रभर विचार केला," त्या म्हणाल्या. "तुमाला माज्या पोराचा भरवसा नाय. मला तुमच्या पोरीचा नाय. मंग आपल्यापेक्षा चांगला पहारा कोन देनार? माजी लेक सासरी गेली, तिची खोली रिकामी हाय. मी दारात गादी घालून झोपते."

मी त्यांना आत घेतलं, चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मी त्यांच्या घराबद्दल खूप प्रश्न विचारले, खोलीला कडी कुठून आहे, इरफान घरी कधी येतो, वडील कधी. त्यांनी एकाही प्रश्नाचा राग मानला नाही. उलट दोन गोष्टी मी विचारायच्या विसरले होते, त्या त्यांनीच सांगितल्या. दारामागे तुमची आई उभी होती. तिला वाटत होतं ती मला दिसत नाही. तिनं सुटकेसमधून फाइल काढून छातीशी धरली होती. मी कपात चहा ओतला आणि हो म्हटलं. तुमच्या आईला मी तोवर कधी एक रात्रही परक्या घरी ठेवलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही पुण्यात एका भाड्याच्या घरात होतो, अजून खोकी फोडायची होती. आजोबांनी मोबाइल स्पीकरवर लावून स्टीलच्या पातेल्यात उभा केला, म्हणजे आवाज मोठा येईल. पलीकडे जुबेदाभाभी पहिल्या रांगेत बसून फोन रंगमंचाकडे धरून होत्या. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी खोकलं, मग पियानो. इरफान सुरू झाला, मग तुमची आई. आजोबा टेबलाला हात लावून उभे होते. मला मधले काही सूर ऐकूच आले नाहीत, फोन खरखरत होता. मग आवाज लहान होत गेले, म्हणजे ती दोघं निघाली, मी म्हटलं, आता विंगेकडे. तो सूर आला. लांबून, अगदी बारीक, पण सरळ. तो किती वेळ टिकला ते आम्हाला माहीत नाही, कारण त्यावरच टाळ्या पडल्या. आजोबांनी चष्मा काढला.

"ऐकलंत काय वहिनी?" फोनमधून जुबेदाभाभी ओरडल्या.

"ऐकलं, भाभी."

"लोक उभी ऱ्हायलीत. टाळ्या वाजवतायत. पन ही दोघं अजून नमस्कार करायला बाहेर आली नाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "फोन ठेवते. मागं जाऊन बगते."

"जा," मी म्हणाले, "लवकर जा."